हा आलेख नेमका कुणासाठी आहे?

बैठकीत आलेख दाखवून झाला की दोन-तीन सेकंद शांतता पसरते. त्या शांततेला मी बरीच वर्षं फसलो. वाटायचं, सगळ्यांना पटलं. मग एकदा टेबलाच्या टोकाला बसलेल्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हे सगळं ठीक आहे हो, पण मग आम्ही करायचं काय?"

मी तेव्हा एका तक्रार विभागाचे मासिक अहवाल करायचो. किती तक्रारी आल्या, किती सुटल्या. एक्सेलमध्ये दोन ओळी निवडायच्या, बटण दाबायचं, की निळे-नारिंगी खांब उभे. वर शीर्षक, 'महिनावार तक्रारी : आलेल्या व सुटलेल्या'. बारा महिन्यांचे चोवीस खांब. आकडा एकही चुकलेला नव्हता, आणि तरी साहेबांचा प्रश्न रास्त होता.

झालं होतं असं (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत). दर महिन्याला साधारण ४०० तक्रारी यायच्या आणि मेपर्यंत तेवढ्याच सुटायच्याही. जूनपासून सुटणाऱ्या ३१० वर आल्या. म्हणजे दरमहा ९० मागे पडू लागल्या आणि डिसेंबरअखेर सात महिन्यांच्या मिळून ६३० साचल्या. माझ्या चित्रात हा ढीग कुठेच नव्हता. तिथे फक्त नारिंगी खांब निळ्यापेक्षा थोडा बुटका होता, आणि सात महिने तितकाच बुटका होता. पाहणाऱ्याला वाटणार, जरा कमी आहे, पण निदान स्थिर तरी आहे. प्रत्यक्षात एका महिन्याचं उरलेलं दुसऱ्या महिन्याच्या डोक्यावर चढत होतं. ते कळण्यासाठी समोरच्याने मनातल्या मनात सात वजाबाक्या करून त्यांची बेरीज करायला हवी होती. मला ते लगेच दिसत होतं, कारण मी ती बेरीज आधीच केली होती.

आलेख करणाऱ्याची मोठी अडचण हीच असते. त्याला उत्तर ठाऊक असतं, त्यामुळे चित्रात नसलेली गोष्टही त्याला चित्रात दिसते.

म्हणून हल्ली आलेखाला हात लावण्याआधी मी कागदावर दोन ओळी लिहितो. हे कोण पाहणार? आणि पाहून झाल्यावर तो काय ठरवणार? दुसऱ्या ओळीचं उत्तर सुचत नसेल, तर बहुधा आलेखाची गरजच नसते. एखादा आकडा ईमेलमध्ये लिहून पाठवला तरी काम भागतं. शाळेत आपण स्तंभालेख काढले, जोडस्तंभालेख काढले, वृत्तालेखासाठी ३६० अंशांचे हिशेब केले. हा आलेख कुणाला दाखवायचाय, हा प्रश्न मात्र कुठल्याच स्वाध्यायात नव्हता.

त्याच तक्रारींचं उदाहरण जरा पुढे नेऊ, कारण एकाच माहितीची तीन माणसांसाठी तीन वेगळी चित्रं कशी होतात ते त्यात छान दिसतं.

साहेबांना ठरवायचं आहे, माणसं वाढवायची की नाही. त्यांना आलेल्या आणि सुटलेल्या तक्रारींत रस नाही, साचलेल्यांत आहे. म्हणजे वजाबाकी मी करायची आणि त्यांना एकच रेघ दाखवायची : महिनाअखेर शिल्लक तक्रारी. मेपर्यंत जमिनीला टेकलेली, जूनपासून चढत ६३० पर्यंत गेलेली. चोवीस खांबांच्या जागी एक रेघ. आकडेवारीतला बराच भाग त्यात गाळला जातो, आणि नवख्या माणसाला इथेच भीती वाटते. इतकी मेहनत करून गोळा केलेलं दाखवायचं नाही? नाही दाखवायचं. परिशिष्टात ठेवा, कुणी मागितलं तर काढा.

विभागातल्या कर्मचाऱ्यांना ती रेघ दाखवून काय उपयोग? ढीग वाढतोय हे त्यांना रोजच कळतं, ते त्या ढिगाखालीच बसलेले असतात. त्यांचा प्रश्न असतो, अडकतंय कुठे. त्यांच्यासाठी तक्रारींचे प्रकार घ्यायचे, प्रत्येकातल्या शिल्लक तक्रारी मोजायच्या आणि आडवे खांब काढायचे, सगळ्यात मोठा वर. आडवे अशासाठी, की प्रकारांची नावं लांब असतात आणि उभ्या खांबांखाली ती तिरकी लिहावी लागतात. मान वाकडी करून वाचायला लागणारी अक्षरं कुणी वाचत नाही. आणि क्रम शिल्लक संख्येनुसार. एक्सेलमध्ये आकडे ज्या क्रमाने भरले गेले त्या क्रमाशी वाचणाऱ्याला काही देणंघेणं नसतं.

तिसरा माणूस म्हणजे तक्रार केलेला ग्राहक. त्याला ढीग नको, प्रकार नको. 'माझी कधी सुटणार?' एवढंच. इथे बहुतेक जण सरासरी देऊन मोकळे होतात. आता समजा, दहा तक्रारींपैकी सात ३ दिवसांत सुटल्या, दोनांना १५ दिवस लागले आणि एकीला ४०. सरासरी येते ९ दिवसांच्या आसपास, आणि ९ दिवस तर त्यातल्या एकाही तक्रारीला लागलेले नाहीत! ग्राहकाला दहा ठिपके दाखवावेत. सात भरलेले, 'एवढ्या ३ दिवसांत', दोन अर्धे भरलेले, एक रिकामा. दहा माणसांच्या रांगेत स्वतःला उभं करून पाहणं कुणालाही जमतं. शेकडेवारी ऐकली की बऱ्याच जणांचं लक्ष उडतं.

अशी गाळणी लावायची म्हणजे शास्त्राशी प्रतारणा, असं ज्यांना वाटतं त्यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा आठवावा. हॅरी बेक नावाच्या आरेखकाने तो १९३१ मध्ये काढला. स्टेशनांमधली खरी अंतरं, रस्त्यांची वळणं, सगळं त्याने सोडून दिलं. रेषा सरळ, नाहीतर ४५ अंशांत तिरक्या, आणि स्टेशनं जवळपास सारख्या अंतरावर. प्रसिद्धी विभागाने आधी तो नाकारला, मग १९३३ मध्ये छापला आणि प्रवाशांनी डोक्यावर घेतला. जमिनीखालून जाणाऱ्याला वर कुठला रस्ता आहे याचं काय? गाडी कुठे बदलायची हे कळलं की झालं. भूगोलाच्या दृष्टीने हा नकाशा चुकीचा आहे. पण त्याच शहरात पायी हिंडणाऱ्याने तो वापरला, तर दोष नकाशाचा नव्हे.

अर्थात, काय गाळायचं ते चुकलं तर किंमत भयानक असू शकते. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी, रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते नासाच्या लोकांशी फोनवर बोलत होते. दुसऱ्या दिवशी तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असणार होतं, आणि रॉकेटच्या सांध्यांमधली रबरी कडी थंडीत कडक होतील आणि तिथून गरम वायू गळेल अशी अभियंत्यांना धास्ती होती. त्याआधीचं सगळ्यात थंड उड्डाण सुमारे १२ अंशांचं होतं. चर्चेत ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, त्यांचीच तापमानं समोर आली. त्यात १२ अंशही होते आणि २४ अंशही. मग इजा थंडीतही होते, उबेतही होते, असंच दिसणार. ज्या उड्डाणांत काहीच बिघडलं नव्हतं, ती त्या चित्रात नव्हतीच. पुढे चौकशी आयोगाने सगळी उड्डाणं एकाच आलेखावर मांडली, तेव्हा १८ अंशांखालच्या चारही उड्डाणांत इजा झालेली दिसली, आणि त्याहून उबदार हवेतल्या सुमारे २० पैकी फक्त ३ मध्ये. आलेख नीट असता तर दुसऱ्या दिवशी यान फुटून मेलेले सात अंतराळवीर वाचले असते, असं मी म्हणणार नाही. त्या फोनवर इतरही दडपणं होती, आणि 'उडवू नका' हे अभियंत्यांनी तोंडाने सांगितलंच होतं. पण 'हे आकडे कामाचे नाहीत, इथे काही घडलंच नाही' असं म्हणून एखादी ओळ खोडताना मला हे प्रकरण हटकून आठवतं. काही न घडणं हीसुद्धा माहिती असते.

आता डोळ्यांकडे वळू. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून पाहिले, की माणूस चित्रातून आकडे कितपत अचूक ओळखतो. एकाच मोजपट्टीवरची जागा आपण सगळ्यात चांगली ओळखतो. लांबी त्याखालोखाल. कोनात गडबड होऊ लागते, क्षेत्रफळात आणखी, आणि रंगाच्या गडद-फिकेपणावरून आकडा सांगायचा म्हणजे निव्वळ अंदाज. स्वतःवरच करून बघा. वृत्तालेखात २३ टक्क्यांची फोड आणि २६ टक्क्यांची फोड शेजारी ठेवा, मोठी कोणती ते सांगता सांगता मान तिरकी होईल. तेच दोन आडवे खांब म्हणून काढा, उत्तर क्षणात मिळेल.

क्षेत्रफळाचा घोळ तर फारच सहज होतो. एखादी संख्या दुप्पट झाली म्हणून वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केली, तर वर्तुळ चौपट मोठं होतं. माणसाचं, घराचं किंवा नाण्याचं चित्र उंचीला दुप्पट करून सोबत रुंदीही वाढवली, की हेच. काढणाऱ्याने उंची मोजलेली असते, पाहणारा आकारमान पाहतो. आणि त्रिमितीतले वृत्तालेख, ज्यात पुढची फोड जाड दिसते ते, कुठल्या प्रेक्षकासाठी असतात हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

पण हा प्रयोगशाळेतला क्रम वेदवाक्य मानायचं कारण नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या मृत्यूंची आकृती प्रसिद्ध केली. महिन्याची एक अशा पाकळ्या वर्तुळाभोवती मांडलेल्या. लाल म्हणजे जखमांनी मेलेले, काळा म्हणजे इतर कारणं, आणि निळा म्हणजे टाळता येण्यासारख्या रोगांनी मेलेले. आकडे क्षेत्रफळात दाखवलेले, म्हणजे क्लीव्हलंडच्या हिशेबात तळाच्या बाजूचे. पण तिला कुणाला नेमका आकडा वाचून दाखवायचा नव्हता. तिच्यासमोर मंत्री होते, लष्करी अधिकारी होते, राणी व्हिक्टोरिया होती, आणि त्यांनी तक्त्यांच्या जाडजूड अहवालाची पानं उलटली नसती. त्यांना एकच गोष्ट दिसायला हवी होती, की निळ्यापुढे लाल किती चिमुकला आहे. शत्रूच्या गोळीपेक्षा घाणीने जास्त माणसं मारली. ते त्या आकृतीत आजही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतं.

म्हणजे प्रेक्षकाने आकडा वाचायचा आहे की एक ठसा घेऊन जायचा आहे, हे आधी ठरवायला हवं. हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये तापमानवाढीचे जे पट्टे केले, त्यांत अक्ष नाहीत, आकडे नाहीत, एका वर्षाचा एक उभा पट्टा, निळ्याकडून लालकडे जाणारा. संशोधकांच्या परिषदेत एवढंच दाखवून कुणी खाली बसला तर लोक अक्ष मागतील. पण भिंतीवर लावायला आणि पाहणाऱ्याला दोन मिनिटं थांबवायला त्याहून जास्त काय हवं?

अक्षाचं एक भांडण कायम चालतं : सुरुवात शून्यापासून हवी का? खांब असतील तर हवीच, कारण खांबात आपण लांबी पाहतो. ९६ आणि ९८ हे दोन आकडे घ्या. अक्ष ९५ पासून सुरू केला तर एका खांबाची उंची १ आणि दुसऱ्याची ३, म्हणजे दोन टक्क्यांच्या फरकाचा डोळ्यांना तिप्पट फरक दिसला. रेघेचं तसं नाही. तिथे आपण चढ-उतार पाहतो. तापलेल्या माणसाच्या तापाचा आलेख शून्य अंशापासून काढला तर रेघ सपाट दिसेल आणि डॉक्टरांना काहीच कळणार नाही. म्हणून रेघेचा अक्ष कुठूनही सुरू होऊ द्या, फक्त तो कुठून सुरू होतो हे लपवू नका. २०२० मध्ये कोविडच्या आलेखांत उभा अक्ष १०, १००, १००० असा पटीने चढायचा. साथ किती दिवसांत दुप्पट होते हे तज्ज्ञांना त्या रेघेच्या उतारावरून कळे. घरी बसलेल्या वाचकाला मात्र रेघ आडवी होत चाललेली दिसली, आणि त्याला वाटलं, साथ ओसरली.

रंगांचं थोडक्यात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, इतरत्र प्रमाण कमी-जास्त आहे, पण कुठेच शून्य नाही. त्यामुळे 'हिरवं चांगलं, लाल वाईट' एवढ्यावर आलेख उभा करू नये. गडद-फिका फरकही ठेवावा. सोपी परीक्षा म्हणजे कृष्णधवल छापून बघणं. इंद्रधनुषी रंगपट्टीचा आणखी एक घोटाळा असा, की मधला पिवळा उजळ असल्याने तिथे नसलेली कड दिसते. मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या संगणकीय साधनाने २०१७ मधल्या आवृत्तीत ती मूळ पट्टी काढून व्हिरिडिस नावाची, क्रमाने उजळत जाणारी पट्टी आणली ती याच कारणाने. बाकी माझा नेम साधा आहे : सगळं करड्या रंगात, आणि ज्याबद्दल बोलायचं आहे ती एकच गोष्ट रंगीत. बाजूला रंगांची यादी देण्यापेक्षा रेघेच्या टोकालाच तिचं नाव लिहावं. त्या यादीकडे आणि परत रेघेकडे अशा डोळ्यांच्या फेऱ्या मारायला लावणं म्हणजे वाचणाऱ्याच्या वेळेची उधळपट्टी.

अनिश्चितता दाखवणं सगळ्यात अवघड. अमेरिकेतल्या चक्रीवादळ केंद्राच्या नकाशात वादळाच्या पुढच्या वाटेवर एक रुंदावत जाणारा शंकू काढलेला असतो. त्याचा अर्थ असा, की वादळाचं केंद्र बहुधा या शंकूच्या आत कुठेतरी राहील. शंकूची रुंदी ठरते मागच्या पाच वर्षांच्या अंदाजांतल्या चुकांवरून, त्यातल्या दोन-तृतीयांश आत बसतील इतकी. म्हणजे तीनातून एकदा केंद्र बाहेरही जाऊ शकतं. लोक मात्र तो शंकू म्हणजे वादळाचा आकार समजतात. 'पुढे वादळ मोठं होत जाणार', आणि 'आमचं घर रेषेबाहेर आहे, आम्ही सुटलो'. वारा-पाऊस शंकूबाहेरही धुमाकूळ घालतो, हे कुणी सांगत नाही तोवर कळत नाही. काढणाऱ्यांचं गणित पक्कं आहे. पण नकाशावर रंग भरलेला आकार दिसला, की तो कसल्या तरी वस्तूचा आकार आहे असंच माणूस धरून चालतो. अशा वेळी एका शंकूऐवजी संभाव्य वाटांच्या दहा-वीस बारीक रेघा काढल्या, तर 'कुठली खरी होईल ठाऊक नाही' हे निदान डोळ्यांना जाणवतं. त्यातही घरावरून एखादी रेघ गेली की लोक घाबरतात, ती वेगळी अडचण.

यावर मला सापडलेला एकच उपाय म्हणजे आधी कुणाला तरी दाखवणं. विषयाशी संबंध नसलेलं माणूस पकडायचं, आलेख पाच सेकंद दाखवून झाकायचा आणि विचारायचं, काय दिसलं? मध्ये बोलायचं नाही. ओठ आवळून बसायचं. समजावून सांगायचा मोह झाला, की जे तोंडात आलं ते आलेखावर लिहायचं राहिलंय हे ओळखायचं.

साचलेल्या तक्रारींची ती एक रेघ मी शेजारच्या विभागातल्या मॅडमना अशीच दाखवली. पाच सेकंदांनी त्या म्हणाल्या, "वा, छान वाढतंय की! काय आहे हे?" चढती रेघ म्हणजे प्रगती, हे आपल्या हाडीमाशी इतकं खिळलेलं आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी 'शिल्लक तक्रारी, जानेवारी ते डिसेंबर' हे शीर्षक खोडलं आणि लिहिलं, 'जूनपासून तक्रारी साचत आहेत, आज ६३० पडून आहेत'. मॅडमनी पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "जूनमध्ये काय झालं?" तेही रेघ जिथे वळते तिथेच लिहून टाकलं : 'इथे दोन जण नोकरी सोडून गेले'.

पुढच्या बैठकीत मी तीन माणसं मागितली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला नाही, आलेखावर बोट ठेवून सरळ म्हणाले, "गेले दोन, मग मागताय तीन का?" दोघं आले तर ढीग वाढायचा थांबेल, पण साचलेले ६३० उपसायला तिसरा लागेल, हे मला तोंडी सांगावं लागलं. आलेखात ते नव्हतं.